आई माळकरी, बाबा तांबड्या-पांढऱ्याचे, आणि पार्टी एशियन फ्युजनमध्ये. काय मागवू?

ताराबाई_पार्क_वाली

नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे. पुढच्या शनिवारी आई-बाबांच्या लग्नाला ३५ वर्षं होतायत. दरवर्षी आम्ही ठरलेल्या एकाच ठिकाणी मटण ताट खायला जातो, बाबा साखर कारखान्यातनं रिटायर झालेत, त्यांचा तांबडा-पांढऱ्यावर लई जीव. पण आई माळकरी. मटण नाही, अंडं नाही, मासा तर नाहीच नाही. ती दरवर्षी आमच्याबरोबर येते, कडेच्या खुर्चीत बसते, दहीभात खाते आणि म्हणते "माझं झालं बघ पोटभर". लग्नाचा वाढदिवस तिचा पण आहे की ओ. गेली दोन-तीन वर्षं हे माझ्या मनाला लागून राहिलंय.

यंदा भाऊ-वहिनी पुण्याहून यायलेत, बरोबर मामेभाऊ, ते म्हणतात आपल्याकडं नवीन एशियन फ्युजन झालंय तिथं जाऊ, सुशी (भात-माशाचे जपानी रोल), रामेन (रश्श्यातल्या जपानी नूडल्स), डिमसम (सारण भरून वाफवलेले), कॉकटेल सगळं आहे. मी मागच्या महिन्यात ऑफिसच्या ग्रुपबरोबर गेलो होतो (कोल्हापूरची पोरगी आहे, आलो-गेलोच म्हणणार). जागा छान आहे, बसायला ऐसपैस, पण मेनू वाचून निम्मं कळलं नाही आणि सगळ्यांनी मागवलं तेच मी पण खाल्लो.

आईला तिथं खरंच पोटभर खाता येईल का, का परत दहीभातच? हिरवा ठिपका असला की झालं का? बाबांना काय आवडेल, ते सणासुदीला एक-दोन पेग रम घेतात, कॉकटेल कधी घेतलेलं नाही. आणि बिल साधारण किती धरून चालू, सहा माणसं आहोत. त्या दिवशी एकादशी नाही, ते आधीच कॅलेंडरात बघून घेतलंय.

आजऱ्याची_सून

ताई, पहिलं आईंचं बघू, बाकीचं नंतर. माझ्या सासूबाई पण माळकरी आहेत म्हणून हे जीव तोडून सांगते. दोन वर्षांपूर्वी पुण्यात आम्ही अशाच एका ठिकाणी गेलो, मेनूत मिसो सूपापुढं हिरवा ठिपका होता, म्हटलं सोयाबीनचं सूप आहे, चालेल. सासूबाईंनी अर्धी वाटी प्यायली आणि म्हणाल्या वास जरा वेगळा येतोय गं. वाढणाऱ्या मुलाला विचारलं, तो आत जाऊन आला आणि म्हणाला सॉरी मॅडम, स्टॉक फिशचा आहे. सासूबाईंनी वाटी खाली ठेवली, एक शब्द बोलल्या नाहीत, घरी येऊन अंघोळ केली आणि दुसऱ्या दिवशी उपास धरला. मला आजही ते आठवलं की कसंतरी होतं, कारण तिथं घेऊन जायचा हट्ट माझा होता.

तेव्हापासनं मी या स्वयंपाकाचा अभ्यासच केला म्हणा. जपानी सूप, रामेन, सॉस यांच्या बुडाशी दाशी नावाचं पाणी असतं, ते बहुतेक वेळा बोनिटो माशाच्या वाळवलेल्या पापुद्र्यांचं असतं. वरनं नुसता टोफू आणि कांद्याची पात तरंगताना दिसते, मासा कुठं दिसतच नाही. पण दाशी शाकाहारी पण होते, कोम्बू म्हणजे समुद्री शेवाळाची पट्टी आणि वाळलेले शिटाके मशरूम भिजवून. थाई करीत भाज्या असल्या तरी करीच्या वाटणात सुकट कुजवून केलेली पेस्ट असू शकते आणि वरनं फिश सॉस पडतो, पपई सॅलडमध्ये पण पडतो. परतलेल्या भाज्यांना ऑयस्टर म्हणजे कालवांचा सॉस, किमचीत (कोरियन लोणचं) कोळंबीचं किंवा माशाचं खारवण, नूडल्समध्ये अंडं, सुशी रोलवर जे पांढरं घालतात त्या मेयोनीजमध्ये अंडं. आणि एकाच तेलात कोळंबी टेम्पुरा आणि भाजी टेम्पुरा तळतात (टेम्पुरा म्हणजे जपानी भजी).

म्हणून "व्हेज आहे का" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. "यात दाशी, फिश सॉस, ऑयस्टर सॉस, श्रिंप पेस्ट, अंडं यातलं काय आहे" असं एकेक नाव घेऊन विचारा, आणि वाढणाऱ्याला नाही, किचनला. आदल्या दिवशी दुपारी चार-साडेचारला फोन करा, त्या वेळेला किचनमध्ये गर्दी नसते. आई कांदा-लसूण खातात का तेवढं सांगा.

आईंसाठी मी असं मागवीन: एडामामे, म्हणजे सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा मिठात उकडलेल्या, आपल्या भुईमुगाच्या ओल्या शेंगा उकडून खातो तसंच, चघळत गप्पा मारत बसायला चांगलं. मग भाज्यांचे वाफवलेले डिमसम, काकडी-ॲव्होकॅडोचा रोल, आणि वाटण तिथंच शाकाहारी करत असतील तर थाई करी आणि भात. शेवटी आंबा आणि नारळाच्या दुधातला चिकट भात मिळाला तर सोडू नका, आपल्या नारळीभाताची बहीणच आहे ती. स्टीमरची जाळी वेगळी ठेवायला सांगा, सांगितलं तर ठेवतात.

मिरजकर_तिट्टा

बाबांचं मी सांगतो. माझे वडील पण असेच, तांबडा-पांढरा सोडून दुसरं काही जेवण असतंय हेच त्यांना मान्य नव्हतं. त्यांना मी "फ्युजन" वगैरे काही बोललोच नाही, तोम खा सूपाची वाटी पुढं ठेवली आणि म्हटलं अण्णा, पांढरा रस्सा समजून प्या. नारळाचं दूध, चिकनचं पाणी, आणि त्यात गवती चहा, कुलिंजन, लिंबाचा पाला. दोन घोट प्यायले आणि म्हणाले, "यात खसखस-काजू पडलं असतं तर झालंच असतं की." बघा, माणसाच्या जिभेला ओळखीचं काहीतरी पाहिजे असतं. पांढऱ्या रश्श्यात आपण आळणी पाणी, ओलं खोबरं, तीळ, खसखस घालतो, तिकडं तानतान रामेनमध्ये पण तिळाची पेस्ट असते आणि वरनं लाल तेलाचा तवंग, तांबडा-पांढरा एकाच वाडग्यात आल्यागत वाटतंय. बाबांना तेच द्या, चिकनचं.

तिखटाचं म्हणाल तर घाबरू नका पण गाफील पण राहू नका. थाई बारकी मिरची आपल्या लवंगीसारखी आहे, आकारावर जाऊ नका. वासाबी मात्र वेगळं प्रकरण आहे, ते जिभेला लागत नाही, सरळ नाकात जातं, मोहरी फेसल्यावर जातं तसं. बहुतेक ठिकाणी मिळतो तो खरा वासाबी नसतोच, हॉर्सरॅडिश नावाचं मूळ, मोहरी आणि हिरवा रंग असतो. बाबांना आधी सांगून ठेवा, हिरवी चटणी समजून चमचाभर घेतली तर सगळ्या पार्टीचा विचका होईल.

आणि ज्यांना वाटतं फ्युजन हे नवीन खूळ आहे त्यांना सांगतो, चिकन मंचुरियन चीनमधनं आलेलं नाही, १९७५ च्या सुमारास मुंबईत क्रिकेट क्लबच्या किचनमध्ये नेल्सन वँग यांनी केलं, आपलंच आलं-लसूण-मिरची आणि गरम मसाल्याऐवजी सोया सॉस. आपली मिरची तरी कुठली आपली, पोर्तुगीजांनी आणली ती. तिच्याशिवाय कोल्हापूर कसं असेल कल्पना करा.

गगनबावडा_एक्स्प्रेस

कच्च्या माशाची सुशी कोल्हापुरात नको. समुद्र घाटाखाली आहे.

मिरजकर_तिट्टा

@गगनबावडा_एक्स्प्रेस भावा, तुझी काळजी बरोबर आहे पण कारण जरा वेगळं आहे. कच्चा खायचा मासा ताजा असण्यापेक्षा नीट गोठवलेला असणं जास्त महत्त्वाचं, उणे २० डिग्रीला सात दिवस ठेवला की त्यातले जंत मरतात. रत्नागिरीहून सकाळी आलेला फडफडीत मासा कालवणाला एक नंबर, पण कच्चा खायला नाही. कोणत्या तापमानाला ठेवलाय हे विचारलं आणि नीट उत्तर आलं नाही तर शिजवलेल्या कोळंबीचा रोल घ्यायचा. ज्येष्ठ माणसांना तर कच्चा मासा नकोच.

शेकर_टिन

मी सहा वर्षं गोव्यात बार सांभाळला, आता इथंच आहे, कुठं ते सांगत नाही कारण जाहिरात वाटायला नको. कॉकटेलबद्दल आपल्याकडं दोन समज आहेत, एक म्हणजे हे बायकांचं सरबत आहे, आणि दुसरा म्हणजे यात दारू कमी घालून पैसे उकळतात. दोन्ही चुकीचे. साधं सावर, म्हणजे आंबटगोड कॉकटेल घ्या, ६० मिली दारू, ३० मिली ताजं लिंबू, २०-२५ मिली साखरेचा पाक, बर्फ घालून दहा-पंधरा सेकंद जोरात हलवायचं. म्हणजे एका ग्लासात मोठा पेग पूर्ण असतो, आंबटगोडामुळं तो कळत नाही एवढंच. म्हणून कॉकटेल दोन झाले की चार छोटे पेग झाले हा हिशोब घरच्यांना सांगून ठेवा.

लाँग आयलंड आइस्ड टी बाबांना चुकूनही नको. नावात चहा आहे पण चहाचा थेंब नसतो, व्होडका, जिन, रम, टकीला आणि संत्र्याची लिकर अशा पाच दारू एकत्र असतात. वर कोक पडतो त्यामुळं रंग चहाचा दिसतो. मी रिटायर झालेली माणसं "चहाच आहे ना" म्हणून दोन घेताना बघितलेत आणि नंतर त्यांना हाताला धरून गाडीपर्यंत नेलंय.

बाबा रमवाले आहेत ना, मग बारवर जाऊन सांगा, डार्क रम, लिंबू, आलं, आणि साखरेच्या पाकाऐवजी गुळाचा पाक. कोल्हापुरात गूळ नाही असं किचन नाही. एक वाटी गूळ अर्ध्या वाटी पाण्यात मंद आचेवर विरघळवायचा, गाळायचा, गार करायचा, बस्स. मोठा एकसंध बर्फाचा खडा मागा, बारका बर्फ पटकन विरघळतो आणि दुसऱ्या घोटाला पाणी लागतं. साके घ्यायची हौस असेल तर एकच मागवून सगळ्यांनी चव बघा, ती तांदळापासनं आंबवून करतात, १५-१६ टक्क्यांची असते, शॉट मारायची नसते. वहिनींना गोड पाहिजे असेल तर सिंगापूर स्लिंग, जिन, चेरीची लिकर, अननसाचा रस, सिंगापूरच्या रॅफल्स हॉटेलात शंभर वर्षांपूर्वी निघालेलं आहे, एशियन जेवणाबरोबर जातं.

एक महत्त्वाचं. तिखटावर कडक दारू घेऊ नका. दारूनं तोंडाची आग वाढते, कमी होत नाही. तिखट लागलं तर नारळाच्या दुधाचं काहीतरी, नाहीतर सरळ दही मागा.

आईंसाठी: गवती चहा, आलं, कोकम आणि सोडा असं मॉकटेल (बिनदारूचं) कुठलाही बारवाला करून देईल. पण दोन गोष्टी सांगा. नवीन धुतलेला शेकर (कॉकटेल हलवायचं भांडं) वापर म्हणावं, आणि वर पांढरा फेस नको. सावर प्रकारच्या ग्लासावर जो साईसारखा फेस असतो तो अंड्याच्या पांढऱ्याचा असतो. हल्ली काहीजण छोले उकडलेल्या पाण्याचा करतात, तोच फेस येतो, पण विचारल्याशिवाय घेऊ नका.

ताराबाई_पार्क_वाली

बापरे, अंड्याचा फेस! हे मला माहीतच नव्हतं, मागच्या महिन्यात मी तेच प्यायलो आणि आईला फोटो पाठवून म्हटलं तुला पण आवडेल. बरं झालं विचारलो. आई कांदा-लसूण खाते, फक्त चातुर्मासात सोडते. आता बिलाचं कोणीतरी सांगा, आणि मामेभाऊ २३ वर्षांचा आहे, तो कॉकटेलसाठी उड्या मारायलाय.

हिशोबनीस_शाहूपुरी

मामेभावाला सांगा दोन वर्षं थांब. महाराष्ट्रात कडक दारूला (रम, जिन, व्होडका) वय २५ पूर्ण लागतं, बीअर-वाइनला २१. चांगल्या ठिकाणी आधार मागतात आणि मागितलाच पाहिजे.

बिल: आम्ही पाच जण गेलो होतो, तीन कॉकटेल धरून साडेसात हजाराच्या आसपास झालं, कॉकटेल साधारण पाचशेच्या पुढं-मागं होतं एकेक. तुम्ही सहा जण, दहा धरून चला. जेवणावर जीएसटी लागतो, दारूवर जीएसटी नसतो, तिला व्हॅट वेगळा, त्यामुळं दोन बिलं आली तर गोंधळू नका. सर्व्हिस चार्ज न विचारता बिलात लावता येत नाही, ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या सूचना आहेत, नको असेल तर शांतपणे काढायला सांगा. पण ज्या पोरानं तुमच्या आईसाठी किचनला चार हेलपाटे मारले त्याच्या हातात पैसे जरूर द्या.

गाडी कोण चालवणार हे घरातनं निघतानाच ठरवा. रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, पहिल्यांदा सापडलं तरी दहा हजार दंड नाहीतर सहा महिन्यांपर्यंत आत, किंवा दोन्ही. आणि दंडाचं सोडा, आई-बाबा मागं बसलेले असतात.

आजऱ्याची_सून

ताई, जाऊन आलात की सांगा हं, मी वाट बघते.

ताराबाई_पार्क_वाली

आलो मंडळी. काल रात्री साडेअकराला घरी आलो, आज सकाळी उठल्या उठल्या लिहायलोय.

शुक्रवारी साडेचारला फोन केलो. पहिल्यांदा ज्यानं उचलला तो म्हणाला "हो मॅडम सगळं व्हेज मिळेल", मी आजऱ्याच्या ताईंनी दिलेली नावं एकेक वाचली आणि तो गप्प झाला, मग म्हणाला थांबा शेफना देतो. शेफ दार्जिलिंगकडचे आहेत. त्यांनी स्पष्ट सांगितलं की हिरव्या करीचं वाटण तयार येतं, त्यात श्रिंप आहे, ते आईंना देऊ नका, मी ताजं वेगळं वाटून देतो. मिसो सूप नाही म्हणाले. डिमसमची एक टोपली नवीन काढून ठेवतो म्हणाले. मला तिथंच रडू यायचं बाकी होतं, कारण इतक्या वर्षांत कुठल्या हॉटेलात आईसाठी कोणी काही वेगळं केलेलं नाही, आणि आम्ही पण कधी मागितलं नाही.

बाबांना तानतान रामेन दिलो. चॉपस्टिक बाजूला ठेवून चमच्यानं सगळा रस्सा आधी संपवला, नूडल्स नंतर. म्हणाले, "तीळ आहे यात. भाजून घातलाय." मिरजकर तिट्टावाले, तुमचं नाव काढलो मी तिथं. वासाबीची वाटी मी आधीच उचलून माझ्याकडं ठेवली होती.

मग रमचं. बारवरच्या पोराला गुळाचं सांगितलं तर तो जरा थबकला, मग आत जाऊन खरंच पाक करून आणला, पंधरा मिनिटं लागली. बाबांनी ग्लास हातात घेतला, लगेच प्यायले नाहीत, नाकाशी धरला. आम्ही सगळे बघत होतो. मग म्हणाले, "मळी." तीस वर्षं कारखान्यात काढली त्या माणसानं, रम मळीपासनं होते हे त्यांना माहीतच होतं, पण म्हणाले की गूळ आणि मळी एका ग्लासात परत भेटलेली पहिल्यांदाच बघितली. मग ऊस कुठून निघतो, रस कुठं जातो, मळी कुठं जाते, टाकीजवळ गाळपाच्या दिवसात कसा वास यायचा, सगळं मामेभावाला समजावून सांगितलं आणि मामेभाऊ बीअर विसरून ऐकत बसला. एकच ग्लास घेतला त्यांनी. गाडी मी चालवलो, मी नुसतं कोकमाचं प्यायलो.

आता आई. एडामामे आल्यावर ती म्हणाली या शेंगा तर आपल्या शेतातल्या सोयाबीनच्या, आणि दोन वाट्या खाल्ल्या. काकडीचा रोल एक खाल्ला, बरा आहे म्हणाली, भात गार का आहे विचारलं. करी-भात आवडला, गवती चहाची काडी ताटाच्या कडेला काढून ठेवली आणि म्हणाली परसात एवढा आहे, आपण फक्त चहात घालतो.

मग डिमसमची टोपली आली. झाकण काढलं तर आत सहा, पारदर्शक, आतलं गाजर आणि मशरूम वरनं दिसतंय असे. आईनं एक उचलला आणि खाल्लाच नाही, फिरवून फिरवून बघत राहिली. वहिनीला वाटलं काही चुकलं की काय. आई कळ्या मोजत होती. अकरा निघाल्या. म्हणाली, "याची पारी कशाची आहे विचार, तांदळाची एवढी ताणली तर फाटते." मी विचारायला पाठवलो तर शेफ स्वतःच बाहेर आले, हातात पिठाचा गोळा घेऊनच. म्हणाले गव्हाचा स्टार्च आणि टॅपिओका (साबुदाण्याच्या कंदाचं पीठ), उकळत्या पाण्यात मळायचं. आईनं तो गोळा हातात घेतला, बोटानं दाबून बघितला, आणि तिथं टेबलावरच पारी करून कळ्या पाडून दाखवल्या, मोदकाच्या, अंगठ्यानं वरनं खाली. शेफनी त्यांच्या पद्धतीनं केला, ते एकाच बाजूनं चुण्या घालत जातात. दोघं मराठी-हिंदी जमेल तसं बोलत होते आणि मागनं कोणीतरी ऑर्डरसाठी शेफना हाका मारायलं होतं.

शेफनी आईचा मोदक आत नेला, सारण भरून वाफवून परत आणला आणि तिच्याच पुढं ठेवला. आईनं तो खाल्ला, मग टोपलीतले सहाच्या सहा, आणि मला म्हणाली अजून एक टोपली सांग.